अदर्शन आणि अभाव

आपल्या भाषेंत डोळ्याचा मान फार मोठा आहे. खात्रीच्या गोष्टीला आपण प्रत्यक्ष म्हणतों. न्यायासनापुढें ज्याचा शब्द धरला जातो तो साक्षी, म्हणजे ज्यानें स्वतः पाहिलें तो. ऐकीव गोष्टीवर भरंवसा ठेवणाऱ्याला आपण भोळा समजतों, आणि ‘मीं डोळ्यांनीं पाहिलें’ असें कोणी म्हटलें कीं वाद तेथेंच थांबतो. ह्या मानाला एक दुसरी बाजू आहे व ती सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. जें दिसलें तें आहे, असें म्हणण्याची संवय जडलेलें मन, जें दिसलें नाहीं तें नाहीं, असेंही लागलीच म्हणूं लागतें. हीं दोन्ही विधानें एकाच योग्यतेचीं आहेत अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यांत मोठें अंतर आहे. आणि तें अंतर केवळ तर्कशास्त्राच्या पाठशाळेंतलें नसून एखाद्या मनुष्याचें जगणें-मरणें त्यावर अवलंबून राहूं शकतें, हें मला गेल्या वर्षीं माझ्या गांवीं कळून आलें.

माझें गांव असोदा. जळगांव शहरापासून दोन कोसांच्या आंतलें, काळ्या जमिनीचें, कपाशीचें, केळीचें आणि भरिताच्या वांग्यांचें. तेथें आमच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी राहतात. त्यांना सारी आळी नाना म्हणते, तेव्हां मीही येथें तसेंच म्हणतों. एके वर्षीं ऐन हिवाळ्यांत नानांना भाकरीचा घास छातीशीं अडूं लागला. प्रथम त्यांनीं तो पित्ताचा विकार समजून ओवा खाल्ला. पुढें भाकरी दुधांत कुस्करून घ्यावी लागली, मग नुसतें वरण, आणि पुढें पुढें पाण्याचा घोटही रेंगाळत उतरूं लागला. जळगांवास दुर्बीण घालून पाहिलें, तुकडा तपासला, आणि अन्ननलिकेचा कर्करोग ठरला. तंबाखूची चंची नानांच्या कमरेला चाळीस वर्षें होती. तिचा आणि ह्या रोगाचा संबंध वैद्यकानें निःसंशय सिद्ध केलेला आहे. चंची सुटली, पण उशिरा सुटली.

मुंबईस एका मोठ्या रुग्णालयांत पांच आठवडे किरणोपचार झाला आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला शिरेंतून औषधें दिलीं गेलीं. उपचारापूर्वीं घेतलेल्या चित्रांत छातीच्या मधोमध निखाऱ्यासारखा एक ठिपका दिसत होता. उपचार संपून तीन महिने होतांच दुसरें चित्र घेतलें, त्यांत तो ठिपका नव्हता. दुर्बिणीनें घेतलेल्या तुकड्यांतही कांहीं सांपडलें नाहीं. मुलांनीं रुग्णालयाच्या जिन्यावरूनच घरीं कळविलें, “साफ झालें.” असोद्यास पेढे वाटले गेले. परंतु डॉक्टरांनीं त्यानंतर जें सांगितलें त्यानें सारें घर गोंधळून गेलें. ते म्हणाले, “चित्रांत कांहीं दिसत नाहीं ही आनंदाची गोष्ट आहे, तरी अन्ननलिका काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हाच अजूनपर्यंतचा रुळलेला मार्ग आहे. ती न करतां बारकाईनें लक्ष ठेवणें हा दुसरा मार्ग आतां कांहीं ठिकाणीं पुढें येत आहे. विचार करून सांगा.”

विचार काय करावयाचा? थोरला मुलगा म्हणे, डॉक्टर कापा म्हणतात तर कापावें. धाकटा म्हणे, जें नाहींच तें कापून काढावयाचें कसें? दोघेही माझ्याकडे आले. कारण गांवांत मी शिकलेला गणला जातों. मी वैद्य नाहीं. मला उत्तर देतां आलें नाहीं. मात्र त्या संध्याकाळीं ओट्यावर बसलेल्या नानांनीं दोन्ही चित्रें माझ्यापुढें धरून जो एक प्रश्न विचारला तो माझ्या मनांतून अद्यापि गेलेला नाहीं. “भाऊ, डाग गेला म्हन्जे दुखनं गेलं का रे?” प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

उत्तर शोधण्यापूर्वीं हें चित्र म्हणजे काय, तें समजून घेतलें पाहिजे. १८९५ सालीं राँटगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत देहाच्या आंत पाहण्याचा पहिला दरवाजा उघडला. १९७१ सालीं इंग्लंडांत हाउन्सफील्ड ह्यानें त्याच किरणांच्या साहाय्यानें शरीराचे पातळ काप पाडल्याप्रमाणें चित्रें घेणारें यंत्र रुग्णावर प्रथम चालविलें. त्यालाच आपण सीटी स्कॅन म्हणतों. हीं दोन्ही यंत्रें आकार दाखवितात. पण अन्ननलिकेच्या बाबतींत आकारावरून फारसा निर्णय होत नाहीं. उपचारानंतर नलिकेची भिंत जाड दिसली तर ती जाडी उरलेल्या रोगाची कीं भरून आलेल्या जखमेच्या वणाची, हें सांवलीवरून ओळखतां येत नाहीं.

नानांचें चित्र ह्याहून निराळ्या जातीचें होतें. कर्करोगाच्या पेशी साखर अधाशीपणानें खातात, हें ऑटो वारबुर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें होतें. त्या अधाशीपणाचाच उपयोग करून घेण्याची युक्ति पुढें निघाली. साखरेच्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लुओरिन जोडावयाचें, ती साखर शिरेंतून सोडावयाची, आणि ती शरीरांत कोठें सांठते तें बाहेरून टिपावयाचें. १९७६ सालीं अमेरिकेंत ही साखर प्रथम मनुष्यास देण्यांत आली. तिचें तेज ११० मिनिटांत निम्म्यावर येतें. म्हणून ती फार काळ सांठवून ठेवतां येत नाहीं, तयार केल्यावर कांहीं तासांतच वापरावी लागते. आपल्या देशांत ही सोय प्रथम मुंबईंत, परळ येथील अणुऔषध केंद्रांत, २००२ सालीं झाली. त्याच परळांत १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि खानदेशांतून कर्करोगाचा रुग्ण मुंबईस निघाला म्हणजे बहुधा त्याच रुग्णालयाचें नांव घरच्यांच्या तोंडीं असतें. साखरेचें चित्र आणि आकाराचें चित्र हीं दोन्ही एकावर एक बसविलीं म्हणजे पेट-सीटी होतें. नानांचा निखारा तो हा.

आतां एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. ह्या चित्रांत रोग दिसत नाहीं. साखरेचा खप दिसतो. खपावरून आपण रोगाची कल्पना करतों. म्हणजे ज्याला आपण प्रत्यक्ष समजून बसलों तें खरोखर अनुमान आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि आहे, हें आपल्या नैयायिकांचें जुनें उदाहरण येथें जसेंच्या तसें लागू पडतें. पण त्याच नैयायिकांनीं एक सावधगिरीही शिकविली आहे. धूर असेल तेथें अग्नि असतो. मात्र अग्नि असेल तेथें धूर असतोच असें नाहीं. लोहाराच्या भट्टींतून काढलेल्या लाल लोखंडी गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. म्हणून धूर नाहीं एवढ्यावरून अग्नि नाहीं असें म्हणूं पाहणारा घसरतो. मोजक्या पेशी उरल्या असतील, किंवा उरलेला कण अवघ्या कांहीं मिलिमीटरांचा असेल, तर त्याची साखर यंत्राच्या नजरेंत भरत नाहीं. विस्तव आहे, धूर नाहीं.

इतकेंच नव्हे, तर येथला धूर नैयायिकांच्या धुराइतकाही प्रामाणिक नाहीं. किरणांनीं भाजलेली अन्ननलिका कांहीं आठवडे सुजलेली असते, आणि सुजेच्या ठिकाणच्या पेशीही साखर ओढून घेतात. क्षयाच्या गांठींतही ती सांठते, आणि आपल्या देशांत छातींत जुन्या क्षयाच्या गांठी बाळगणारीं माणसें थोडीं नाहींत. त्यामुळें उपचार संपल्याबरोबर चित्र घेतलें तर तें खोटा निखारा दाखवील, ह्या भीतीनें डॉक्टर दोन-तीन महिने थांबतात. दिसलें तरी फसगत, न दिसलें तरी फसगत, अशी ही स्थिति आहे.

मग हें चित्र निरुपयोगी समजावें काय? मुळींच नाहीं. म्यूनिक येथील डॉक्टरांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ह्या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोंकाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेपूर्वीं औषधें देतात. तीं औषधें अंगावर फार जातात. तीं सुरू केल्यावर चौदाव्या दिवशीं त्यांनीं पुन्हा साखरेचें चित्र घेतलें. खप शेंकडा ३५ किंवा त्याहून अधिक उतरला असेल तर औषध लागू पडलें, नाहीं तर नाहीं, असें माप त्यांनीं ठरविलें होतें. ११० रुग्णांपैकीं जवळजवळ निम्म्यांना औषध लागू पडलें. ज्यांना पडलें नाहीं त्यांचें औषध तेथेंच थांबवून त्यांना सरळ शस्त्रक्रियेकडे नेलें. निष्फळ विषाचे अडीच महिने त्यांना भोगावे लागले नाहींत. येथें चित्रानें केवढी दया केली! परंतु ही दया त्याला कां करतां आली, तें पाहा. तेथें प्रश्न ‘कमी झालें कीं नाहीं’ असा होता. तो तुलनेचा प्रश्न आहे आणि तुलना चित्राला साधते. नानांचा प्रश्न ‘उरलें आहे कीं नाहीं’ असा आहे. तो अभावाचा प्रश्न आहे. ह्या दोन प्रश्नांना एकच यंत्र सारख्याच अधिकारानें उत्तर देईल असें समजणें, हीच मूळ चूक होय.

अभावाचें ज्ञान कसें होतें, ह्याविषयीं आपल्या शास्त्रकारांनीं जितका खल केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल. जमिनीवर घट नाहीं हें मला कसें कळतें? नैयायिक म्हणतात, तेंही एक प्रकारें प्रत्यक्षच. सातव्या शतकांतले मीमांसक कुमारिल भट्ट आणि त्यांचे अनुयायी म्हणतात, नाहीं, न दिसणें हें एक स्वतंत्रच प्रमाण आहे. त्याला त्यांनीं अनुपलब्धि असें नांव दिलें. हा वाद आपण विद्वानांकडे सोपवूं. पण ह्या वादांतून एक अट निघाली व ती आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. न दिसण्यावरून अभाव ठरवावयाचा असेल तर ती वस्तु, असती तर दिसली असती, अशी परिस्थिति पाहिजे. ह्यालाच योग्य अनुपलब्धि म्हणतात. भर दुपारीं अंगणांत घट दिसला नाहीं तर घट नाहीं म्हणावें. अमावास्येच्या रात्रीं दिसला नाहीं तर कांहींच म्हणूं नये. आणि मुळांतच अदृश्य असलेलें पिशाच दिसलें नाहीं म्हणून तें खांबावर नाहीं, असें तर कोणत्याही उजेडांत म्हणतां येत नाहीं. म्हणजे ‘दिसलें नाहीं’ असें कोणी सांगितलें कीं शहाण्या मनुष्यानें विचारावें: असतें तर दिसलें असतें काय?

हाच प्रश्न हॉलंडमधील डॉक्टरांनीं पेट-सीटीला व इतर तपासण्यांना विचारला आणि त्याचें उत्तर २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांची रीत साधी पण कठोर होती. औषधें व किरण देऊन झाल्यावर प्रत्येक रुग्णाची दुर्बिणीनें, ध्वनिलहरींनीं आणि पेट-सीटीनें तपासणी केली. नंतर शस्त्रक्रियेंत काढलेल्या अन्ननलिकेचे काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून खरें काय होतें तें पाहिलें. मूळ गांठीचा दशांशाहून अधिक भाग जिवंत उरला होता अशा ४१ रुग्णांपैकीं ६ जणांच्या बाबतींत पेट-सीटीला तें दिसलें नव्हतें. एकाच जागीं पुन्हा खोल चावा घेऊन तुकडे काढले आणि संशयित गांठींत सुई घातली, तरीही ४१ पैकीं ४ निसटले. ध्वनिलहरींनीं भिंतीची जाडी मोजण्यांत ३९ पैकीं ११ निसटले. दशांशाहून मोठा अवशेष जर इतक्यांदा निसटतो, तर त्याहून लहान कणांची काय कथा! मात्र त्याच पेट-सीटीनें दुसरें एक काम चोख केलें. शेंकडा ९ रुग्णांत रोग शरीरांत दूरवर पसरल्याचें त्यानें दाखविलें, आणि ज्या शस्त्रक्रियेचा कांहीं उपयोग नव्हता तिच्यापासून त्यांना वांचविलें. तात्पर्य, उजेड आहे. पण तो दुपारचा नाहीं, संध्याकाळचा आहे.

येथें कोणी म्हणेल, मग संशय कशाला ठेवावा, सर्वांची शस्त्रक्रिया करून टाकावी. हें बोलणें ओट्यावर सोपें आहे. ह्या शस्त्रक्रियेंत अन्ननलिका काढून जठर छातींत वर ओढून घेतात. मनुष्य वांचला तरी त्याचें जेवण कायमचें बदलतें. थोडें थोडें, अनेकदां, आणि जेवून लागलीच आडवें व्हावयाचें नाहीं. हॉलंडमध्यें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ज्या प्रयोगानें आजची उपचारपद्धति रूढ केली, त्यांत रुग्णालयांतच दगावलेल्यांचें प्रमाण शेंकडा ४ होतें. आणि तीं निष्णात हातांची रुग्णालयें होतीं. त्याच प्रयोगांत आणखी एक आंकडा आहे, आणि तो वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. औषधें व किरण देऊन मग काढलेल्या अन्ननलिकांपैकीं शेंकडा २९ मध्यें रोगाची एकही जिवंत पेशी सांपडली नाहीं. आपल्या देशांत जो प्रकार अधिक आढळतो, म्हणजे नलिकेच्या अस्तराच्या चपट्या पेशींचा, त्यांत तर हें प्रमाण शेंकडा ४९ होतें. म्हणजे दर दोघांतल्या एकाची निरोगी झालेली नलिका कापून टाकली गेली, आणि ती निरोगी होती हें कापल्यानंतरच कळलें. कापणें अनावश्यक होतें हें निश्चित जाणण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे कापणें! ह्याहून कठीण गांठ नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच आढळेल.

ही गांठ थोडी सैल करण्याचा प्रयत्नही त्याच डॉक्टरांनीं केला. ज्यांच्या दोन्ही तपासण्यांत कांहींच दिसलें नाहीं अशा ३०९ रुग्णांपैकीं १११ जणांची शस्त्रक्रिया केली आणि १९८ जणांवर नुसतें लक्ष ठेवलें. पुन्हा कांहीं दिसलें तरच शस्त्रक्रिया. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, दोन वर्षांनीं पहिल्या गटांतले शेंकडा ७१ आणि दुसऱ्या गटांतले शेंकडा ७४ जिवंत होते. वाट पाहणाऱ्यांचें नुकसान झालें नाहीं. मात्र हें वाचून ‘दिसत नव्हतें म्हणजे नव्हतेंच’ असें कोणी म्हणूं लागेल तर तें चुकीचें होईल; कारण लक्ष ठेवलेल्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या अन्ननलिकेंत वा जवळच्या गांठींत रोग पुढें पुन्हा दिसूं लागला. त्या निम्म्यांच्या बाबतींत पहिलें ‘दिसत नाहीं’ हें खरें होतें, पण ‘नाहीं’ हें खोटें होतें. ते वांचले ते चित्र खरें होतें म्हणून नव्हे. तर चित्रावर कोणीं शेवटचा भरंवसा ठेवला नाहीं, आणि पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं पुन्हा पाहिलें, म्हणून.

माझ्या मतें साऱ्या प्रश्नाचें नैतिक मर्म येथें आहे. एका क्षणाचें अदर्शन अभाव सिद्ध करीत नाहीं. पण पुनःपुन्हा, ठरल्या वेळीं, सावध डोळ्यानें पाहत राहण्यानें अदर्शनाला हळूहळू योग्यता येते. म्हणजे योग्यता केवळ यंत्रांत नाहीं. ती पाहणाऱ्याच्या चिकाटींत आहे, आणि हें लिहितांना मला संकोच वाटतो, पण ती खिशांतही आहे. हॉलंड हा लहान देश. तेथल्या रुग्णाचें घर रुग्णालयापासून फारसें दूर नसतें. जळगांवाहून मुंबई ४२० किलोमीटर. रात्रीची गाडी, बरोबर एक मुलगा, म्हणजे त्याची बुडालेली मजुरी किंवा राहिलेलें शेताचें काम, धर्मशाळेंतला मुक्काम, तपासणीचा खर्च, आणि हें सर्व दर तीन महिन्यांनीं. दुसऱ्यांदा पाहण्यास जो येऊंच शकणार नाहीं त्याला ‘लक्ष ठेवूं’ असें सांगणें म्हणजे अमावास्येच्या रात्रीं घट शोधावयास सांगणें होय. एका देशांत जो विवेकी पर्याय ठरला तो दुसऱ्या देशांतल्या गरिबाच्या बाबतींत नुसती टाळाटाळ ठरूं शकतो. म्हणून ज्याला ही निवड पुढें ठेवावयाची आहे त्यानें चित्राबरोबर रुग्णाचें अंतर, त्याची ऐपत आणि त्याच्या घरांतलीं माणसेंही पाहिलीं पाहिजेत. तींही त्या तपासणीचाच भाग आहेत.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, एवढा अनिश्चितपणा रुग्णापुढें मांडणें हें क्रौर्य आहे. त्याला आशा हवी, गणित नको. ह्या आक्षेपामागें करुणा आहे हें मला मान्य आहे. आमच्याकडे तर रोगाचें नांवच रुग्णापासून लपविण्याची चाल आहे. मुलें डॉक्टरांना खुणेनें गप्प करतात. पण ‘साफ झालें’ ह्या शब्दावर उभारलेल्या आशेचें पुढें काय होतें? रोग पुन्हा दिसला तर त्या मनुष्याला दोन घाव बसतात, एक रोगाचा आणि दुसरा फसविलें गेल्याचा. आणि दुसरा घाव ज्यांच्या आधारानें पहिला सोसावयाचा त्यांच्याकडूनच आलेला असतो. शिवाय, साफ झालें असें मानणारा मनुष्य तीन महिन्यांनीं मुंबईस जाईल कशाला? येथें खोटी आशा केवळ खोटी नाहीं, ती घातक आहे. डॉक्टरांच्या अहवालांत लिहिलेलें असतें कीं रोगाचा पुरावा आढळला नाहीं. जिना उतरेपर्यंत त्याचें ‘रोग गेला’ असें होतें. ह्या दोन वाक्यांमधलें अंतर ज्यानें पुसलें तो वाईट मनुष्य नसतो. बहुधा तो सर्वांत अधिक प्रेम करणारा असतो. तरीही चूक ती चूकच.

दुसरा आक्षेप शहरांत अधिक ऐकूं येतो. खेड्यांतल्या, न शिकलेल्या मनुष्याला शक्यतेची ही बारीक भाषा कळणार नाहीं. त्याला हो किंवा नाहीं एवढेंच सांगावें. असोद्याच्या मनुष्याला तरी हें कोणीं ऐकवूं नये. ह्याच गांवांत १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें; त्यांचीं गाणीं दुसऱ्यांनीं ऐकून लिहून ठेवलीं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, पुस्तकरूपानें छापलीं गेलीं. अक्षरांचा आणि विचाराचा संबंध आपण समजतों तितका जवळचा नाहीं, हें महाराष्ट्रानें त्या पुस्तकावरून शिकावयास हवें होतें. आणि नानांविषयीं म्हणाल तर, मीं हें सारें त्यांना जमेल तसें समजावून सांगूं लागलों तेव्हां त्यांनीं मला अर्ध्यावरच थांबविलें.

त्या वेळीं अंगणांत वांग्यांची पाटी पडलेली होती. नानांनीं तींतून एक वांगें उचललें. हिरवट, पांढऱ्या रेषांचें, भरिताला लागतें तसलें, वरून अगदीं निर्दोष. ते म्हणाले, “भोक दिसतं ना, ते अळी निंघून गेल्याचं. अळी मधी हाये तवर वांगं साजरंच दिसतं.” हें अगदीं खरें आहे. वांगीं पोखरणारी अळी अगदीं बारीक असतांना आंत शिरते, आणि तिच्या शिरण्याची खूण लवकरच बुजून जाते. मोठें भोंक दिसतें तें ती वाढून बाहेर पडल्यावर. व्यापारी भोंक पाहून वांगें टाकतो. शेतकरी निर्दोष वांग्याकडेही संशयानें पाहतो, वजन हातांत तोलतो, देठाशीं दाबून पाहतो, आणि एवढें करूनही भाजून सोलेपर्यंत पैज लावत नाहीं. कुमारिलांची अट नानांना पाठ नव्हती. पण ती त्यांच्या हातांत होती. पाऊस, बोंड, बाजारभाव, ह्या सर्वांविषयीं ‘बहुधा’ एवढ्यावरच ज्यानें साठ वर्षें संसार केला, त्याला शक्यतेची भाषा कळत नाहीं असें म्हणणाऱ्यानें स्वतः कधीं पेरणी केलेली नसावी.

नानांनीं चार दिवस मागून घेतले. पांचव्या दिवशीं दोन्ही मुलांना समोर बसवून त्यांनीं सांगितलें कीं, शस्त्रक्रिया तूर्त करावयाची नाहीं; पण दर तिसऱ्या महिन्याला मुंबईस जावयाचें, आणि एकदां जरी जाणें चुकलें तर मग वाट पाहणें बंद, सरळ शस्त्रक्रिया. त्यासाठीं एक एकर केळीचें उत्पन्न निराळें ठेवण्याची व्यवस्था त्यांनीं थोरल्याकडून कबूल करून घेतली. हा निर्णय बरोबर कीं चूक, तें मी सांगूं शकत नाहीं. दुसऱ्या कोणीं, विशेषतः ज्याला हें येणें-जाणें झेपणार नाहीं अशानें, ह्याचें अनुकरण करावें असेंही मी म्हणत नाहीं. त्याच्या जागीं मी असतों तर कदाचित् शस्त्रक्रियाच पत्करली असती. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, हा निर्णय ज्याच्या देहाचा होता त्यानें घेतला, आणि चित्र काय सांगतें व काय सांगूं शकत नाहीं, हीं दोन्ही माहीत असतांना घेतला. वैद्य, नातलग आणि शेजारी ह्यांनीं रुग्णाला ह्याहून अधिक देणें बहुधा शक्य नसतें. आणि ह्याहून कमी देण्याचा त्यांना अधिकार नाहीं.

तेव्हांपासून नाना तीनदां मुंबईस जाऊन आले. तिसऱ्या खेपेस मी गांवीं होतों. सकाळच्या गाडीनें ते उतरले. थकलेले होते, पण स्वतःची पिशवी स्वतःच धरून चालत आले. शेजारच्या बाईनें ओट्यावरून विचारलें, “नाना, रोग गेला ना आतां?” पहिल्या खेपेस ह्याच प्रश्नावर पेढे निघाले होते. ह्या वेळीं नानांनीं पिशवी खालीं ठेवली, क्षणभर विचार केला, आणि म्हणाले, “दिसला नाही, बाई.” मग ते आंत गेले, आणि सुनेनें वाढलेली भाकरी त्यांनीं सावकाश, एकेक घास चावून, खाल्ली.